सूर्याला बटन न्हाई

आमचे सोपान बप्पा कुणाच्या घरी गेले की आधी दाराची कडी ओढून बघतात आणि मग आवाज देतात. घरातलं माणूस बाहेर येईपर्यंत त्यांचा हात ओसरीतल्या खुंटीवर गेलेला असतो. खुंटी हलली तर ते मान डोलवतात आणि म्हणतात, "लूज हाय." नाही हलली तर काहीच बोलत नाहीत. खुंटी पक्की निघाली की त्यांचा थोडा विरस होतो, असं मला नेहमी वाटतं.

बप्पा म्हणजे माझे चुलत सासरे. त्यांचं घर आमच्या घराला लागून आहे. मधे कमरेएवढी दगडी भिंत आहे. भिंतीच्या अलीकडे आमची चांदी म्हैस बांधलेली असते आणि पलीकडे बप्पांची बाज असते. उमेदीची वर्षं त्यांनी माजलगावकडच्या एका साखर कारखान्यात वायरमनच्या हाताखाली काढली. तिथे एकदा ऊस टाकायच्या गव्हाणीची मोटर बंद पडली आणि उसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली. सगळे साहेब मोटर उघडून बसले. शेवटी दोष निघाला तो करंगळीच्या नखाएवढ्या एका स्क्रूचा. तो ढिला झाला होता. ही गोष्ट बप्पांनी गावात प्रत्येकाला सांगितली आहे, आणि ज्यांना दोनदा सांगितली ते लोक आता बप्पा दिसले की दुसऱ्या बोळाने जातात.

त्या स्क्रूने बप्पांचा जन्म व्यापला. जगात जे काही बिघडतं ते कुठेतरी ढिलं झाल्यामुळे, यावर त्यांचा पक्का विश्वास आहे. दोन भावांची वाटणीवरून भांडणं लागली तेव्हा लोक जमिनीचं बोलत होते. बप्पा म्हणाले, "जमिनीचं न्हाई. दोगांच्यात लूज हाय." आणि पाऊस लांबला तेव्हा पारावर वर बघत म्हणाले, "ढग यायलेत, पर कॉन्टॅक लागंना. वरलं लूज हाय."

नुसतं बोलून थांबले असते तर ठीक होतं. पण त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम पेचकस असतो. शाळेतल्या गुरुजींच्या चष्म्याची काडी डुगडुगते हे त्यांना दिसलं आणि त्यांनी ती जागच्या जागी आवळून दिली. तेव्हापासून तो चष्मा मिटत नाही. गुरुजी झोपताना तो उघडाच देवळीत ठेवतात. हातपंपाची दांडी आवळली ती इतकी, की पाणी काढायला दोघी बायांना लोंबकळावं लागलं. भाच्याच्या लग्नात नवरदेवाचा फेटा नीट बसलाय का म्हणून त्यांनी मागून शेव ओढली. अंतरपाट धरलेला होता, मंगलाष्टकं चालू होती, आणि फेटा सुटून नवरदेवाच्या गळ्यात आला. बप्पा शांतपणे म्हणाले, "बरं झालं आत्ताच कळलं. वरातीत घोड्यावर सुटला आस्ता."

मी त्यांच्याशी बोलत नव्हते. म्हणजे राग नव्हता. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर तोंड वर करून बोलत नाही, आणि मी मुळातच कमी बोलणारी. लग्न होऊन आले तेव्हापासून बप्पा दिसले की पदर पुढे ओढायचा आणि दाराआड व्हायचं. आमच्या दोघांमधलं बोलणं सोजरकाकू करायच्या. त्या बप्पांच्या मंडळी. बप्पा म्हणायचे, "सुनबाईला इचार, चुलीचा धूर हिकडं कावून यायलाय." काकू मला विचारायच्या, मी काकूंना सांगायचे, काकू बप्पांना सांगायच्या. तिघंही एकाच अंगणात असायचो.

काकू वारल्या. लेक लातूरकडे दिलेली. तिने बोलावलं तरी बप्पा गेले नाहीत. त्यांचं ताट आमच्याकडून जाऊ लागलं. मी ताट भिंतीवर ठेवायचे आणि मागे सरायचे. सुरुवातीला काही महिने त्या भिंतीपलीकडून एक शब्द आला नाही. मग एका संध्याकाळी मी धार काढत असताना पलीकडून आवाज आला, "चांदे, मालकिनीला सांग, आमटीला मीठ कमी हाय."

मी दचकले. चांदीने कान हलवला.

त्या दिवसापासून सोजरकाकूंचं काम आमच्या म्हशीकडे आलं. "चांदे, मालकिनीला मनाव, गोट्याच्या बल्बचा होल्डर लूज हाय, हात लावू नको." "चांदे, पाटोद्याला गेलतो, लेकीला फोन केलता, तिला बरं हाय." मी काही उत्तर द्यायचे नाही. मीठ वाढवायचं असलं तर वाढवायचे. चांदी रवंथ करायची. बप्पांचं बोलणं कधी कधी पार काळोख पडेपर्यंत चालायचं. त्यात गव्हाण यायची, तो स्क्रू यायचा, काकूंनी कशी कारखान्यावरच्या खोलीत भाकरी थापायला जागा नाही म्हणून भांडण केलं ते यायचं. चांदीने ते दोनदा नाही, वीसदा ऐकलं, पण तिला दुसरा बोळ नव्हता.

गावात आम्हा बायकांची दूध संस्था आहे. कौसाबाई तिच्या चेअरमन. संस्थेच्या आवारात बोअर आहे आणि त्यावर सोलरचा पंप. खोलीच्या गच्चीवर प्लेटा, खाली सावलीच्या भिंतीवर वायरींचा डबा, तिथून वायर पंपाला. संस्थेच्या टाकीचं पाणी सगळं गाव पितं, जनावरंही पितात. पंप बसवला त्या दिवसापासून बप्पा त्याचे मालक झाले. त्यांना कुणी नेमलं नव्हतं, आणि नको म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही.

विजेच्या खांबावरचं काम असतं तर खालून लाईन बंद करून माणूस वर चढतो. सोलरचं तसं नाही. मेन बंद केलं तरी जोवर प्लेटांवर ऊन आहे तोवर त्यांच्याकडून येणारी वायर जिवंतच असते. बप्पा गच्चीवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचे, "सूर्याला बटन न्हाई! गोधड्या आना!" डबा उघडायचा असला की आधी सगळ्या प्लेटा गोधड्यांनी झाकायच्या, ही त्यांची पद्धत. मग ते घरोघर गोधड्या मागत फिरायचे. नुसती घेऊन गेले असते तर बायांचं काही म्हणणं नव्हतं. पण ते प्रत्येक गोधडी आधी उन्हासमोर धरून बघायचे. पातळ गोधडीतून ऊन झिरपतं म्हणून. "ही नगं. चाळणी झालीया." असं भर रस्त्यात ऐकल्यावर कुणाच्या घरात कसलं अंथरूण आहे ते गावभर व्हायचं. एका म्हातारीने तर त्यांच्यासाठी मुद्दाम एक जाड गोधडी राखून ठेवली होती. ती स्वतः फाटकीवर निजायची.

कौसाबाई त्यांना टोचायच्या. "बप्पा, दुनियेच्या गोधड्या उन्हात वाळत घालताव. तुमच्या घरातली कदी निघायची?"

"माजी लागत न्हाई," बप्पा म्हणायचे आणि वर चढायचे.

मग तो दुष्काळ आला. विहिरी आधीच गेल्या होत्या. नदीच्या वाळूत झिरे खणले, ते आटले. गावात पाणी उरलं ते संस्थेच्या बोअरला. आणि ऐन उन्हाळ्यात पंपाने एक नवा खेळ सुरू केला. सकाळी चालू व्हायचा, ऊन चढलं की बंद पडायचा, संध्याकाळी उन्हं कलली की थोडा वेळ पुन्हा चालायचा. टाकीत गुडघाभर पाणी यायचं. त्यातून माणसांचं भागायचं, जनावरांचं नाही.

तालुक्याहून मेकॅनिक आला. सकाळी आला. पंप चालू. त्याने सगळं तपासलं आणि म्हणाला, "चालू हाय की ओ." तो गेला आणि दुपारी पंप बंद. पुन्हा बोलावला तर त्याला चार गावं करून यायला संध्याकाळ झाली. पंप चालू. कौसाबाई म्हणाल्या, "ह्या पोराला हितंच ठिवून घ्या बाई. ह्यो आला की पानी येतंय." मेकॅनिक हसला. त्याच्याकडे सगळ्या भागातले पंप होते, तो तरी किती थांबणार.

बप्पांनी गोधड्या घातल्या आणि डबा उघडला. एकेक वायर चिमटीत धरून ओढली. एकही ढिली निघाली नाही. त्यांनी पुन्हा ओढल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ढिलं काहीच सापडत नव्हतं. त्या दिवसांत त्यांनी कुणाची कडीसुद्धा ओढली नाही. संध्याकाळी चांदीला एवढंच म्हणाले, "समदं पक्कं हाय. तरी बी बंद पडतंय."

संस्थेची बैठक झाली. कौसाबाई म्हणाल्या, "येत्या बाजारापोतर पंप धरला तर ठीक. न्हाईतर टेम्पो सांगते. समदी जनावरं पाटोद्याच्या बाजूच्या छावणीला न्यायची." जनावराबरोबर माणूस हवंच. आमचे मालक आणि मी, दोघंही जाणार असं ठरलं, कारण चांदी गाभण होती, दिवस भरत आले होते, आणि ती माझ्याशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नाही. ताडपत्रीखाली राहायचं, पाऊस पडेपर्यंत. घराला कुलूप.

मालक बप्पांना म्हणाले, "तुमी लेकीकडं जावा. हितं ताट कोन देईल?"

"मला काय हुतंय," बप्पा म्हणाले. "मी हाय हितंच. घरं राखाया कुनी पायजे."

त्या संध्याकाळी मी ताट भिंतीवर ठेवलं. थोड्या वेळाने बप्पा अलीकडे आले, चांदीचं दावं ओढून पाहिलं, "लूज हाय" म्हणाले आणि खुंट्याची गाठ आवळायला बसले. बराच वेळ आवळत होते.

बाजार झाला. पंप काही सुधारला नाही. दुसऱ्या दिवशी टेम्पो आले. घराघरातून सामान निघालं. गोधड्यांची गाठोडी बांधून टेम्पोच्या टपावर गेली. दुपार झाली तेव्हा निघायची वेळ आली आणि आमच्या मालकांना चांदीच्या खुंट्याची गाठ सुटेना. नखं लावली, खिळा घातला. ते चिडले. "बप्पानं आवळलंय का काय केलंय हे! मी विळा बगतो," म्हणून घरात गेले. विळाही गाठोड्यात गेला होता.

तेवढ्यात मी वाटेसाठी कळशी भरून आणावी म्हणून संस्थेत गेले. पंप नुकताच बंद पडला होता. टाकीच्या तळातून पाणी काढून मी सावलीच्या भिंतीला टेकले, त्या वायरींच्या डब्याशेजारी. वास आला. कुकरचा दांडा विस्तवाजवळ गेला की येतो तसा. मी डब्यावर हात ठेवला. डबा सावलीत होता, बाकी सगळा नुसता कोमट होता. फक्त खालचा डावा कोपरा असा तापलेला की हात मागे घेतला. तव्यावर भाकरी एकाच बाजूने भाजावी तसं.

वर गच्चीवर बप्पा एकटे बसलेले दिसत होते. हाक मारावी असं मनात आलं. तोंड उघडेना. वाटलं, मेकॅनिकने बघितलंय, बप्पांनी इतक्यांदा बघितलंय, आपण काय सांगायचं. पदर ओढून घेतला आणि कळशी घेऊन घरी आले.

घरी मालक गाठीशी झोंबत होते. माझ्या मागोमाग बप्पाही आले, गाठ बघायला. भिंतीपलीकडे उभे राहिले. टेम्पोवाला रस्त्यावरून हॉर्न वाजवत होता. मी चांदीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "चांदे, संस्थेच्या डब्याचा खालचा डावा कोपरा हाताला चटका बसंल इतका तापलाय. आन् जळका वास यायलाय. सांग कुनाला सांगायचं तर."

मालक माझ्याकडे बघतच राहिले. मी त्यांच्यासमोरसुद्धा एका दमात इतकं बोलत नाही. बप्पा वळले आणि त्या वयात धावत सुटले.

आम्ही संस्थेत पोहोचलो तेव्हा ते टेम्पोशेजारी कौसाबाईंसमोर उभे होते. "गोधड्या पायजेत. आत्ता. डबा उगडतो."

"गोधड्या टपावर गेल्यात बप्पा! आता काय समदं उतरवू का?" कौसाबाई वैतागल्या होत्या. "तुमच्या घरातली आना की! कदी तर आना!"

बप्पा मागे फिरले. घरी गेले. आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर एक गोधडी होती, घडी न मोडलेली. मी ती ओळखली. सोजरकाकूंच्या लुगड्यांची, त्यांनीच शिवलेली. बप्पांनी ती गच्चीवर उलगडली तेव्हा घड्यांमधून कडुलिंबाची वाळलेली पानं पडली. पानं अजून पुरती पिवळी झाली नव्हती. म्हणजे वरचेवर बदलली जात होती. त्यांनी ती उन्हासमोर धरून बघितली नाही. तशीच प्लेटेवर पसरली आणि कडेने दगड ठेवले.

कौसाबाईंनी वर बघितलं. मग स्वतःच टेम्पोकडे वळल्या. "ए, ते गाटोडं खाली टाक. आगं बगतीस काय, तुजं बी सोड."

प्लेटा झाकल्या. मेन बंद केलं. बप्पांनी डबा उघडला आणि डाव्या कोपऱ्यातली वायर ओढली. पक्की. पुन्हा ओढली. पक्की. या वेळी त्यांनी पेचकस घेतला आणि स्क्रू सैल केला. वायर हातात आली. ते तिच्याकडे बघत राहिले.

वायरीवरचं प्लास्टिक पुरतं सोललेलं नव्हतं. स्क्रू तांब्यावर बसण्याऐवजी प्लास्टिकवर बसला होता. प्लास्टिक घट्ट धरलं गेलं होतं म्हणून ओढून बघितलं की पक्कं वाटायचं. तांब्याचं फक्त टोक टेकत होतं आणि ते काळं पडलं होतं. सकाळी गारव्यात ते टेकायचं. दुपारी वीज जोरात वाहू लागली की ते तापायचं, प्लास्टिक मऊ पडायचं आणि तांबं सुटायचं. गार झालं की पुन्हा टेकायचं.

"कुनाचं काम हाय हे?" कौसाबाईंनी विचारलं. "त्या मेकॅनिकचं का?"

बप्पांनी खोटं बोलायला हरकत नव्हती. मेकॅनिक तिथे नव्हता.

"न्हाई," बप्पा म्हणाले. "तेनं बरुबर लावलंतं. मला उगंच लूज वाटलं. मी भाईर काढून पुन्हा बसवलं, आन् जोर लावून आवळलं."

टेम्पोवाला हॉर्न वाजवायचा थांबला.

"मंजी आमी तुमच्यापायी छावणीला निघालताव?"

"व्हय."

कौसाबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांना रागवायचं होतं, पण पदरात तोंड घालून हसू आवरेना. मग सगळ्याच हसायला लागल्या. बप्पा हसले नाहीत. त्यांनी काळं टोक कापून टाकलं, वायर नव्याने सोलली, तांबं पिळून घेतलं, नीट आत घातलं आणि स्क्रू फिरवला. स्क्रू बसला. त्यांचा हात सवयीने आणखी एका पिळासाठी उचलला गेला आणि तसाच थांबला. "पुरं," ते म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता.

गोधड्या निघाल्या. पंप चालू झाला. आम्ही सगळ्या टाकीशी उभ्या राहिलो. ऊन डोक्यावर होतं तोवर चालला, कललं तरी चालला. मधूनमधून बप्पा डब्याच्या कोपऱ्यावर हाताची पालथी बाजू लावून बघत होते, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावी तशी. टाकी भरून वाहिली तेव्हा टेम्पोवाला न सांगता सामान उतरवू लागला.

संध्याकाळी मी ताट भिंतीवर ठेवलं आणि दाराआड झाले. चांदी बादलीतलं पाणी पीत होती. बप्पा अलीकडे आले आणि खुंट्यापाशी बसले. काकूंची गोधडी त्यांच्या खांद्यावरच होती, घडी घातलेली. ते गाठ सोडवू लागले. त्यांनाही सुटेना.

"चांदे," ते हळू म्हणाले, "लई आवळलं मी. कळलंच न्हाई मला." नखाने गाठीचा पीळ उचकत राहिले. "तुला तिकडं चारा मिळाला आस्ता. तुजं काय आडलं नसतं. मी मात्र हितं ह्या भिंतीला काय सांगत बसलो आस्तो?"

चांदीने पाण्यातून तोंड वर काढलं आणि पुन्हा घातलं.

मी दाराआडून बाहेर आले. पदर होता तिथेच राहू दिला.

"बप्पा," मी म्हणाले, "राहू द्या ती गाठ. तिला कुटं जायचंय आता."

बप्पांचा हात थांबला. त्यांनी दावं सोडून दिलं, ओढून बघितलं नाही.

"बरं, पोरी," ते म्हणाले. म्हशीकडे न बघता.